उजव्या कोपऱ्यातली चौकट

मखमलाबाद, नाशिक
२३ जून १९९७

प्रिय मनीषा,

तुझ्या कंपनीचे शिपाई वाल्मीकभाऊ परवा सायकलवर आले आणि ड्रॉइंगं ठेवायचं पत्र्याचं लांब नळकांडं आमच्या ओट्यावर ठेवून गेले. आईला वाटलं, फवारणीचं काहीतरी असेल. तिने ते उचलून फुलांवर मारायच्या औषधांशेजारी नेऊन ठेवलं. दुपारभर शोधाशोध केली तेव्हा कुठे सापडलं. अशी झाली माझ्या स्वतंत्र धंद्याची सुरुवात.

तिन्ही ड्रॉइंगं सोबत आहेत. तुमचे इंजिनिअर पातळ बटर पेपरवर पेन्सिल फिरवतात की कोंबडी नाचवतात? त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरून मी सगळं शाईने स्वच्छ काढलंय. एक रेघसुद्धा ब्लेडने खरवडावी लागली नाही, उजेडात धरून बघ.

फोन तुमच्याकडे साहेबांच्या टेबलावर, आमच्याकडे मुळातच नाही. तेव्हा यापुढे कामाबरोबर नळकांड्यात पत्रही टाकत जा. वाल्मीकभाऊ पंचवटीत राहतात, रोज कंपनीच्या बसने सिन्नरला जातात, आणि उघडून वाचणाऱ्यांतले दिसत नाहीत.

आता मनातलं. सातपूरच्या आयटीआयत ड्रॉइंग शिकताना आपण दोन वर्षं एका बाकावर बसलो. तुझ्या या कंपनीच्या मुलाखतीला एकाच एस.टी.ने गेलो, तुझ्या आईने दिलेल्या दशम्या मिळून खाल्ल्या. जागा एक होती, ती तुला मिळाली. माझा हात तुझ्यापेक्षा चांगला, हे सर म्हणायचे आणि तूही म्हणायचीस. मी सहा महिने कुढले. आता कुढत नाही. खोटं कशाला सांगू, थोडी कुढते.

पण बघ, आता माझी मी मालकीण. टेबल खिडकीपाशी, बाहेर झेंडूची रोपं. वाटलं तर काम करावं, वाटलं तर ताणून द्यावी. हजेरीचं कार्ड कोण मागतंय?

एकच गोष्ट खटकली. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकट असते ना, ज्याने काढलं त्याच्या आद्याक्षरांची? ती कोरी ठेवा, असा निरोप वाल्मीकभाऊंनी दिला. ठेवली. तिथे कुणाचं नाव येणार, तेवढं कळव.

तुझी,
प्रतिभा


सिन्नर
५ जुलै १९९७

प्रिय प्रतिभा,

नाव माझं येतं. एम. बी., मनीषा बहिरू. रागावू नकोस, कंपनीचा नियमच तसा आहे. चौकटीत खात्यातल्याच माणसाचं नाव हवं. उद्या काही बिघडलं तर धरायला कुणीतरी पाहिजे, असं साहेब म्हणतात.

'वाटलं तर ताणून द्यावी' हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुझा राग आला. इथे आठ पंचवीसला कार्ड टोचायचं. एक मिनिट पुढे गेलं की त्यावर लाल आकडा उमटतो आणि तो महिनाभर सगळ्यांना दिसतो. ड्रॉइंग खात्यात बाई मी एकटीच. पाणी प्यायला उठले तरी सात माना वर होतात, म्हणून मी पाणीच कमी पिते. खिडकी आहे, पण तिच्यापुढे प्रिंट काढायचं अमोनियाचं यंत्र ठेवलंय. झेंडू कसला बघतेस, डोळे चुरचुरतात नुसते. तू मात्र खिडकीत बसून फुलं बघत रेघा ओढतेस. पुण्यवान आहेस.

एक सांगायचं राहिलं. सांगू की नको असं चार दिवस चाललंय. तुझं ते दुसरं ड्रॉइंग साहेबांनी उजेडात धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मनीषा, तुझा हात सुधारला." बाहेरून काम करून घेतो हे त्यांना माहीत आहे, पण त्यांना वाटतं की सोपं तेवढं बाहेर जातं. मी काय बोलणार होते सात जणांपुढे? गप्प बसले. बसमध्ये लाज वाटली म्हणून तुला लिहिते आहे.

दिवाळीत मला कायम करायचं घाटतंय. अण्णांचं दुकान बंद झाल्यापासून घर माझ्यावरच आहे, तुला माहीत आहे. तेवढा कागद हातात पडू दे, मग साहेबांना सगळं सांगेन.

तुझी,
मनीषा

ता. क. सोबत चार बटर पेपर आहेत. पुढच्या शनिवारपर्यंत हवेत. अवघड आहेत, म्हणून तुझ्याकडेच पाठवतेय.


मखमलाबाद
२८ जुलै १९९७

मनीषाबाई,

तुमचा हात सुधारला, अभिनंदन. पेढे नळकांड्यात मावत नाहीत म्हणून पाठवत नाही.

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही, नुसती कामं पाठवली, कारण लिहायला बसले की शाई फुटायची. आज लिहिते. माझ्या मालकिणीच्या थाटाची तुला फार हौस आहे ना, मग ऐक.

सकाळी नऊला टेबलाशी बसते. सव्वानऊला शेजारच्या वत्सलाबाई येतात. "पोरी, तू घरीच हायेस ना? गहू वाळत टाकलेत, ध्यान ठेव. कोंबड्या लय माजल्यात." दहाला वहिनी लेकराला माझ्या पायाशी सोडून मळ्यात जाते, कारण मी घरीच. गॅसवाला येतो, वीजवाला येतो, कुणाचा दूरचा मामा येतो, सगळ्यांना चहा मी करायचा, कारण मी घरीच. पंखा लावला की ट्रेसिंग उडतं, म्हणून घामाघूम होऊन बसायचं आणि मनगटाखाली फडकं धरायचं. त्यात लेकराने टेबलाचा पाय हलवला की दोन तासांचं काम गेलं. मी रागावले तर चंदर म्हणतो, "घरीच बसून रेघा तं मारायच्यात, त्यात काय एवढं?" माझा सख्खा भाऊ, बारावी झालेला.

मागच्या आठवड्यात ताप होता. तुला ताप आला तर तू रजेचा अर्ज देतेस, हो ना? मी कुणाला देऊ? स्वतःला लिहिला, स्वतःच नामंजूर केला आणि तुझी दोन ड्रॉइंगं काढली. एखादी रेघ चुकली तर बघायला शेजारी दुसरं कुणी नाही. आयटीआयत तू माझं तपासायचीस, मी तुझं. इथे मी भिंतीला दाखवते.

रविवारी देवळाली कॅम्पहून पाहुणे आले होते मला बघायला. मुलगी काय करते, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "घरीच असते." त्यांनी माझं टेबल पाहिलं आणि विचारलं, रांगोळी काढता का? मी आत जाऊन रडले, मने. तुला कुणी असं विचारणार नाही. तुझ्याकडे कार्ड आहे, त्यावर तुझं नाव आहे.

हेवा वाटतो मला तुझा. उघड लिहिते. तुझ्या लाल आकड्याचा, त्या सात मानांचा, अमोनियाचासुद्धा. निदान तू दिसली नाहीस तर कार्ड कोरं राहतं आणि कुणीतरी विचारतं, मनीषा का आली नाही? मी महिनाभर झोपून राहिले तर वत्सलाबाईंच्या गव्हाखेरीज कुणाला पत्ता लागणार नाही.

एक मागते. चौकटीत माझं नाव टाक. पी. एम., प्रतिभा मोतीराम. तुझ्या शेजारी, बारीक अक्षरात असलं तरी चालेल.

प्रतिभा


सिन्नर
२० ऑगस्ट १९९७

प्रिय प्रतिभा,

नाव टाकता येणार नाही. साहेबांना विचारायचं धाडसच झालं नाही, हे खरं सांगते. विचारलं तर पहिला प्रश्न येईल की कुठली कुठली ड्रॉइंगं तिची, आणि मग मी काय सांगू? सगळी चांगली तिची?

तू माझ्या कार्डाचा हेवा करतेस. मी तुझ्या हाताचा करते. नोकरी मिळवता येते गं. तुझ्यासारखा गोल मला सात जन्मांत यायचा नाही. तुझं काम आलं की मी ते माझ्या कामाशेजारी ठेवत नाही, आधी माझं गुंडाळून घेते. कुणी दोन्ही एकदम बघू नये म्हणून. हे लिहितानाही चीड येते आहे, तुझी की माझी ते कळत नाही.

पाहुण्यांचं वाईट वाटलं. पण तू तरी त्यांना टेबलाशी नेऊन चार गोष्टी सांगायच्या होत्यास. आयटीआयत असताना तर तुझं तोंड बंद होत नव्हतं.

दिवाळीपर्यंत थांब एवढंच म्हणते.

मनीषा


मखमलाबाद
९ ऑक्टोबर १९९७

मनीषा,

परवा दसरा. घरात झेंडूचा डोंगर झालाय. पंचवटीच्या बाजारात माल उद्या पहाटे पोचायचा आहे, आणि मी घरीच असल्यामुळे कालपासून सगळ्यांबरोबर फुलं तोडते आहे, माळा ओवते आहे. अशात वाल्मीकभाऊ दारात उभे, एका लोखंडी प्लेटचं ड्रॉइंग आजच्या आज. दसऱ्याआधी कातकामाला द्यायचंय म्हणे. तुमच्या कंपनीत दसऱ्याला यंत्रांची पूजा असते, माझ्या टेबलाला साधं फूल वाहायला सवड नाही.

दुपारी पोत्यांच्या मधे टेबल सरकवून काढलं. घे.

तपासायचे कष्ट घेऊ नकोस. नाहीतरी नाव तुझंच लागायचं आहे आणि हात तुझाच सुधारलाय. तू नुसती सही कर. तेवढं तुला चांगलं येतं.

प्र.


सिन्नर
३ नोव्हेंबर १९९७

प्रिय प्रतिभा,

हे पत्र पोस्टाने पाठवते आहे, कारण मी कंपनीत नाही. घरी आहे.

तुझ्या त्या प्लेटच्या चाळीस नगांचं कातकाम झालं. दिवाळीच्या आधी जोडणीला घेतल्या तेव्हा एकही बसेना. खाच उजवीकडे हवी होती, ती चाळीसच्या चाळीस प्लेटांना डावीकडे आली आहे. आरशात पाहावं तशी प्लेट. पालथी करून बसवावी तर स्क्रूची खोलगट भोकं चुकीच्या बाजूला जातात. सगळा माल भंगारात गेला. ड्रॉइंग बाहेर काढलं, कोपऱ्यात एम. बी. मला मेमो मिळाला. १२ तारखेला बुधवारी चौकशी आहे, तोवर कामावर येऊ नका, असं लेखी दिलंय. कायम करायचं तर कुणी आता बोलतही नाही.

निघताना मी फाइलमधून मूळ बटर पेपर काढून घेतला. चोरीच म्हण. सोबत घडी करून पाठवते आहे. त्याच्या मागच्या बाजूला अंगठ्याचा पिवळा डाग आहे बघ. झेंडूचा. कागद सरळ असता तर डाग पुढच्या बाजूला पडला असता. तू तो पालथा अंथरलास, प्रतिभा. मापं वेगळ्या चिठ्ठीवर होती, चित्रावर एकही अक्षर नव्हतं, आणि पातळ कागदातून रेघा दोन्हीकडून सारख्याच दिसतात. त्यामुळे तुझ्या लक्षात आलं नाही.

आणि मी तपासलं नाही. नळकांडं उघडलं, आधी तुझी चिठ्ठी वाचली, तळपायाची आग मस्तकाला गेली. 'नुसती सही कर.' केली नुसती सही. मूळ कागदाशी ताडूनही पाहिलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

तुझं नाव मी घेतलेलं नाही. घेणारही नाही. मोठेपणा समजू नकोस, त्याचं कारण वेगळं आहे.

मुलाखतीच्या दिवशी आधी तू आत गेलीस, मग मी. साहेबांच्या पुढ्यात आपल्या दोघींची चाचणीची ड्रॉइंगं होती. त्यांनी तुझं उचललं आणि मला विचारलं, "ही तुमची मैत्रीण ना? हात फार छान आहे. पण मखमलाबादहून रोज सिन्नरला येईल का? घरचे पाठवतील का?" मी म्हटलं, "नाही पाठवणार, सर. त्यांचा फुलांचा धंदा आहे, हंगामात तिला घरी थांबावंच लागतं." एवढं एकच वाक्य बोलले. बाहेर आले आणि तुझ्याबरोबर बसून दशम्या खाल्ल्या.

ती खुर्ची तुझीच होती. बुधवारी मी चूक कबूल करणार, राजीनामा देणार आणि साहेबांना सांगणार की माझ्या जागी प्रतिभाला घ्या. तू त्या दिवशी फक्त घरी राहा आणि काही बोलू नकोस.

आठ दिवस घरी आहे. आज सकाळी शेजारच्या कुसाबाई आल्या आणि म्हणाल्या, "मनीषा, तू घरीच हाय ना आता? माझ्या पापडांकडं बघशील?" मी दुपारभर पापडांपाशी बसून होते. तुझं जुलैचं पत्र तिथे परत वाचलं.

मनीषा


मखमलाबाद
८ नोव्हेंबर १९९७

मनीषा,

तुझं पत्र तीन दिवसांपूर्वी मिळालं. ते वाचून मला आधी आनंद झाला. हो, आनंद. तू मुलाखतीत काय बोललीस ते वाचण्याआधीच झाला, तेव्हा त्याला तुझं पाप कारण नाही, माझंच आहे. मग मुलाखतीचं वाचलं. हाताशी शाईची बाटली होती, ती भिंतीवर फेकली. डाग पडलाय. आई म्हणते, आता दिवाळी झाल्यावर कोण रंग देणार?

दोन दिवस मी तुझ्या खुर्चीवर बसून होते, मनातल्या मनात. पहिल्या दिवशी कुठली साडी नेसायची ते ठरलं. डब्यात काय न्यायचं ते ठरलं. वत्सलाबाईंना काय सांगायचं, तेही आरशासमोर म्हणून पाहिलं: "मी घरी नसते, कंपनीत असते." तुझ्याशी पुन्हा कधी बोलायचं नाही, हेही ठरलं. सगळं मनासारखं होत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

पण एक गोष्ट घशाखाली उतरेना. येत्या बुधवारी चाळीस प्लेटांसमोर उभी राहून तू सांगणार, ही चूक माझी. तुझी कशी? पालथा कागद मी अंथरला. माझ्या अंगठ्याचा डाग. माझी चांगली ड्रॉइंगं तुझ्या नावावर गेली तेव्हा मी जळून कोळसा झाले, आणि आता बिघडलेलंही तुझ्याच नावावर? चूक मी करावी आणि मेमो तुला मिळावा? तुला हसू येईल, पण मला त्या मेमोचासुद्धा हेवा वाटला. कुणीतरी टाइप करून, शिक्का मारून सांगतं की हे तुम्ही केलंत. मला कुणी काही सांगतच नाही.

म्हणून काल सिन्नरला गेले. निघताना आई म्हणाली, "तू घरीच हायेस म्हून मी पाव्हण्यांला बोलावलंय, आता कुठं चाललीस?" मी म्हटलं, "कामाला चाललेय."

वाल्मीकभाऊंनी आत नेलं. साहेबांच्या टेबलावर बटर पेपर ठेवला, पालथा केला, डागावर माझा अंगठा ठेवून दाखवला. म्हटलं, "हे मी काढलंय. जूनपासून तुम्ही उजेडात धरून पाहिलेली ड्रॉइंगंसुद्धा मीच काढलीत." त्यांनी कागद उजेडात धरला. मग म्हणाले, "तुम्ही या कंपनीच्या कोण?" मी म्हटलं, "कुणी नाही." ते म्हणाले, "मग तुम्हाला मेमो कसा देऊ? नोकरीत असलेल्यालाच मेमो देता येतो."

बघ, हेही माझ्या नशिबात नाही.

मी म्हटलं, "मेमो नको. ते ड्रॉइंग आणा." का कोण जाणे, त्यांनी आणायला सांगितलं. त्यावर लाल पेन्सिलने मोठी फुली मारलेली आहे. मी पिशवीतलं शाईचं पेन काढलं आणि उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत, तुझ्या एम. बी.च्या वर, पी. एम. लिहिलं. हात अजिबात हलला नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिथे माझं नाव लागलं, आणि लागलं ते भंगारात गेलेल्या ड्रॉइंगवर.

साहेब म्हणाले, न तपासता सही केली याबद्दल तुला बोलणी खावी लागतील, पण राजीनामा घेणार नाहीत. तेव्हा बुधवारी राजीनामा नेऊ नकोस. खरं ते सांग, तुझ्या वाट्याचं तेवढंच. बाहेरचं काम माझ्याकडे यायचं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं. आमचं काम कुणी बंद करत नाही, नळकांडं यायचं थांबतं.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. त्या एका वाक्याबद्दल मी म्हातारपणीसुद्धा तुझ्याशी भांडेन.

साहेब फोनसाठी बाहेर गेले तेव्हा मी तुझ्या खुर्चीवर पाच मिनिटं बसले. सात माना वर झाल्या, बरोबर सात. खुर्ची फार करकरते. तेल घाल.

प्रतिभा


सिन्नर
१९ जानेवारी १९९८

प्रिय प्रतिभा,

तू उत्तर पाठवणार नाहीस हे धरूनच लिहिते आहे. दोन महिन्यांत मी तीन पत्रं टाकली, तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. ठीक आहे. मीही दिलं नसतं.

खुर्चीला तेल घातलं. तरी करकरते.

मला ताकीद मिळाली, कायम करायचं एक वर्ष पुढे गेलं. त्याबद्दल तक्रार नाही. चौकशीत मी मुलाखतीतलं वाक्यही सांगून टाकलं. त्यानंतर आठ दिवस साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तुझं ते ड्रॉइंग भंगारात गेलं नाही. साहेबांनी त्याला खाली-वर पट्ट्या लावून ते खात्यातल्या भिंतीवर टांगलंय, नेमकं माझ्या टेबलासमोर. न तपासता सही केली की काय होतं ते सगळ्यांना रोज दिसावं म्हणून. लाल फुली, डावीकडची खाच आणि कोपऱ्यात पी. एम. तू ह्या खात्यात रोज हजर असतेस, बाई. आठ पंचवीसला कार्ड टोचते आणि आत आल्यावर पहिलं तुझं नाव वाचते. तुझा हात माझ्यापेक्षा किती चांगला आहे, ते दिवसभर समोर टांगलेलं असतं. इतके महिने दोन्ही शेजारी दिसू नयेत म्हणून मी माझं गुंडाळून ठेवत होते, तुझं हे आता गुंडाळता येत नाही.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. शुक्रवारी अंबडच्या एका कारखान्याचे इंजिनिअर आमच्याकडे आले होते. साहेबांची वाट बघत भिंतीसमोर उभे राहिले. वाल्मीकभाऊंनी त्यांना चाळीस प्लेटांची गोष्ट सांगितली. ते हसले, मग हसायचे थांबले आणि कागदाला नाक लावून बघायला लागले. म्हणाले, "चूक सोडा हो. हे पी. एम. कोण? इतका स्वच्छ हात मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. आमच्याकडे बाहेरून काढून घ्यायचं बरंच काम आहे."

साहेब तोवर आले होते. सात माना वर झालेल्या. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी उठून सांगितलं, "प्रतिभा मोतीराम. मखमलाबादला राहते. घरी काम करते. काम उत्तम करते, पण दुसऱ्याने एकदा ताडून बघायला हवं, ते कुणाचंही बघायलाच हवं. आणि कोपऱ्यात तिचं नाव लागणार असेल तरच द्या." त्यांना तुझा पत्ता लिहून दिला. येत्या रविवारी सकाळी ते तुझ्याकडे येणार आहेत. वत्सलाबाईंना सांग, गहू दुसरीकडे वाळत घाला.

जाता जाता ते थांबले आणि मला विचारलं, "पण मधूनमधून अंबडला यावं लागेल, मापं घ्यायला. घरचे पाठवतील का?"

मी म्हटलं, "ते तिला विचारा."

मनीषा